पॅकेट आलं कुठून?

डिसेंबर १९७८ मध्ये ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या संगणकशास्त्राच्या मासिकात नऊ पानांचा एक शोधनिबंध छापून आला. लेखक दोघे: योगेन दलाल आणि रॉबर्ट मेटकाफ. आपल्या पद्धतीबद्दल त्यांनी सुरुवातीलाच जे सांगितलं, ते मला फार मोलाचं वाटतं. आमची पद्धत व्यवहार्य आहे, असं ते म्हणतात. आम्हीच ठरवलेल्या मोजपट्टीवर ती सर्वोत्तम ठरत नाही. पण आज चालू असलेल्या नेटवर्कवर ती इतर पद्धतींपेक्षा कमी खटाटोपात बसते. नव्या शोधाची ओळख करून देताना ‘हा सर्वोत्तम नाही’ असं पहिल्याच परिच्छेदात लिहिणारे विरळाच. पद्धतीचं नाव होतं रिव्हर्स पाथ फॉरवर्डिंग, म्हणजे आजच्या नेटवर्कवाल्यांच्या तोंडी असलेलं आरपीएफ.

मेटकाफ यांचं नाव इथरनेटमुळे सर्वांना ठाऊक आहे. १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टोमधल्या संशोधन केंद्रात त्यांनी इथरनेटची कल्पना मांडली आणि २०२२ चं ट्युरिंग पारितोषिक त्यांना त्याच कामासाठी मिळालं. दलालांचं नाव मात्र आपल्याकडे फारसं घेतलं जात नाही, आणि ते घ्यायला हवं. पवईच्या आयआयटीतून १९७२ मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगची पदवी घेऊन ते स्टॅनफर्डला गेले. तिथे व्हिंट सर्फ यांच्या हाताखाली त्यांचं संशोधन सुरू झालं. डिसेंबर १९७४ मध्ये इंटरनेटच्या टीसीपी या प्रोटोकॉलचा पहिला तपशीलवार आराखडा आरएफसी ६७५ म्हणून, म्हणजे ‘आरएफसी’ या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेत, प्रसिद्ध झाला. त्यावर सर्फ आणि कार्ल सनशाइन यांच्या जोडीला दलालांचं नाव आहे. १९७७ मध्ये त्यांनी पीएचडीचा प्रबंध दिला, तो पॅकेट नेटवर्कमधल्या ब्रॉडकास्टवर, म्हणजे एकाचा संदेश सगळ्यांपर्यंत कसा पोहोचवायचा यावर.

इंटरनेटचा पूर्वज असलेल्या तेव्हाच्या आर्पानेटवर पॅकेट निघायचं ते एका ठिकाणाहून एकाच ठिकाणी जायला. पण एखादी सेवा नेमकी कोणत्या यंत्रावर आहे हे शोधायचं असेल, किंवा चार ठिकाणच्या नोंदी एकदम बदलायच्या असतील, तर सगळ्यांना एकदम सांगावं लागतं. इथरनेटच्या तारेवर हे आपोआप होतं, कारण तार एकच आणि ऐकणारे सगळे. आर्पानेटसारख्या नेटवर्कमध्ये प्रत्येक टप्प्यावर पॅकेट आधी साठवलं जातं आणि मग पुढे धाडलं जातं. तिथे प्रत्येक टप्प्याला ठरवावं लागतं की प्रती किती काढायच्या आणि कुठल्या वाटेने सोडायच्या.

वाटा तेव्हाही माहीत होत्या. प्रत्येकाच्या नावे वेगळं पॅकेट पाठवायचं, ही पहिली. मग एकाच पॅकेटवर सगळ्यांचे पत्ते लिहायचे. किंवा संपूर्ण नेटवर्कसाठी एकच झाड आखून त्याच्याच फांद्यांवरून पाठवायचं. प्रत्येक उगमासाठी वेगळं झाड आखलं तर प्रती कमीत कमी लागतात, पण मग प्रत्येक नोडला प्रत्येक उगमाच्या झाडाची वेगळी माहिती सांभाळावी लागते, आणि त्या काळातल्या यंत्रांच्या स्मृतीला ते परवडणारं नव्हतं. सगळ्यात सोपी वाट म्हणजे पूर सोडायचा: आलेलं पॅकेट, ज्या तारेवरून आलं ती सोडून, बाकी सगळ्या तारांवर ढकलून द्यायचं.

पूर सोडला की काय होतं ते कागदावर करून पाहण्यासारखं आहे. चार राउटर घ्या: अ, ब, क, ड. अ हा ब आणि क यांना जोडलेला. ब आणि क एकमेकांना जोडलेले. ब आणि क दोघेही ड ला जोडलेले. संदेश अ कडून निघतो. पहिल्या टप्प्यात तारांवर २ प्रती असतात. ब आपली प्रत क आणि ड कडे पाठवतो, क आपली ब आणि ड कडे, झाल्या ४. तिसऱ्या टप्प्यात ६, चौथ्यात ८, पाचव्यात १४. संदेश प्रत्येकाला दुसऱ्या टप्प्यातच मिळालेला असतो. पुढची सगळी धावपळ निव्वळ वाया. साधं पॅकेट फेऱ्यात अडकलं तर ते निदान एकच राहतं आणि त्याच्यावरचा टीटीएलचा आकडा दर टप्प्याला एकाने उतरत शून्यावर आला की मरतं. मल्टिकास्टचं (एका गटासाठीचं) किंवा ब्रॉडकास्टचं पॅकेट फेऱ्यात अडकलं तर दर फेरीला पिलावळ घालतं. टीटीएलची कमाल मर्यादा २५५ आहे. तिची वाट पाहत बसलं तर त्याच्या कितीतरी आधी तारा तुंबतात.

दलाल-मेटकाफ यांचा नियम एका वाक्याचा. उगमाकडे मला स्वतःला काही पाठवायचं असतं, तर मी ज्या तारेवरून पाठवलं असतं, त्याच तारेवरून हे पॅकेट आलंय का? आलं असेल तर स्वीकारून बाकी तारांवर पाठवा. नसेल तर तिथेच टाकून द्या. कोकणातल्या घरी मुंबईतल्या चाकरमान्याची खबर चार तोंडांनी येते. ज्याच्या हाती आपण त्याला गाठोडं धाडतो, त्याने आणलेली तेवढीच खबर खरी धरायची आणि तेवढीच वाडीत पुढे सांगायची, असा हा प्रकार.

पुन्हा ते चार राउटर घ्या. अ ने २ प्रती सोडल्या. ब आणि क दोघांना त्या थेट अ कडून मिळाल्या, म्हणजे बरोबर तारेवरून. दोघांनी मिळून ४ प्रती पुढे सोडल्या. ब कडून क ला आलेली प्रत क फेकतो, कारण अ कडे जायला तो ब ची वाट धरत नाही. क कडून ब ला आलेलीही तशीच जाते. ड चा अ कडे जायचा रस्ता ब वरून आहे असं धरा. मग ब ची प्रत तो घेतो आणि क ची टाकतो. घेतलेली प्रत तो क कडे पाठवतो, आणि क ती टाकतो. एकूण ७ प्रती, त्यांतल्या ३ उपयोगी, ४ वाया, आणि खेळ संपला. निबंधात याची सुधारित आवृत्तीही आहे: जो शेजारी उगमाकडे जायला माझ्यावर अवलंबून आहे, त्यालाच प्रत द्यायची. तेवढी माहिती शेजाऱ्यांकडून मिळवली की याच चौघांत फक्त ३ प्रती लागतात.

फेरा का पडू शकत नाही, याचं उत्तर नियमातच दडलेलं आहे. प्रत्येक राउटर पॅकेट घेतो ते फक्त उगमाच्या अधिक जवळ असलेल्या शेजाऱ्याकडून. म्हणजे स्वीकारलेलं पॅकेट प्रत्येक टप्प्याला उगमापासून लांबच जात असतं. लांब लांब जाणारं पॅकेट आधी भेटलेल्या राउटरकडे परत येऊन पुन्हा स्वीकारलं जाणं शक्यच नाही. मला यात सगळ्यात सुंदर वाटतं ते हे की राउटरला काहीही लक्षात ठेवावं लागत नाही. हे पॅकेट मी आधी पाहिलं होतं का, हा प्रश्नच येत नाही. हाताशी असलेला राउटिंग टेबल उलटा वाचायचा, इतकंच काम.

आधी पाहिलं होतं का, हे लक्षात ठेवण्यावर विसंबलं की काय होऊ शकतं, ते आर्पानेटने लवकरच दाखवलं. १९७९ पासून आर्पानेटवर नवी राउटिंग पद्धत आली होती. तिच्यात प्रत्येक नोड आपल्या तारांची स्थिती सगळ्यांना पुराने कळवायचा आणि जुनं-नवं ओळखायला प्रत्येक निरोपावर ६ बिटांचा क्रमांक असायचा. हे क्रमांक ६३ नंतर पुन्हा शून्यावर येत, म्हणून ‘नवा’ कोण हे वर्तुळावर मोजून ठरे. २७ ऑक्टोबर १९८० रोजी एका यंत्राच्या स्मृतीत बिट गळाले आणि एकाच नोडचे तीन निरोप नेटवर्कमध्ये फिरू लागले, क्रमांक ८, ४० आणि ४४. वर्तुळाच्या हिशेबाने ४० हा ८ पेक्षा नवा, ४४ हा ४० पेक्षा नवा, आणि ८ पुन्हा ४४ पेक्षा नवा! प्रत्येक नोड प्रत्येक निरोप नवा समजून पुढे पाठवत राहिला आणि आर्पानेट कित्येक तास ठप्प झालं. एरिक रोझेन यांनी आरएफसी ७८९ मध्ये या दिवसाचा वृत्तान्त लिहून ठेवला आहे. न्यायाची गोष्ट म्हणून सांगायला हवं की तिथे आरपीएफ वापरता आलं नसतं. राउटिंग टेबल ज्या निरोपांवरून बनतो, त्यांची पारख त्याच टेबलवरून कशी करणार? पण एकच पॅकेट पुन्हा पुन्हा नवं ठरून फिरत राहणं ही किती खरी भीती होती, ते त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं.

निबंध छापला गेला, वाचला गेला, आणि जवळजवळ दहा वर्षं बहुतांशी ग्रंथालयातच पडून राहिला. त्याला कामाला लावलं ते स्टॅनफर्डच्याच एका विद्यार्थ्याने. स्टीव्ह डीअरिंग हे डेव्हिड चेरिटन यांच्या ‘व्ही’ या वितरित प्रणालीवर काम करत होते. या प्रणालीत अनेक यंत्रं मिळून एक गट बनवत, आणि गटाला संदेश पाठवायला इथरनेटचं मल्टिकास्ट वापरत. एका तारेवर हे झकास चालायचं. तारेच्या टोकाला राउटर आला की गट तिथेच तुटायचा. डीअरिंग आणि चेरिटन यांनी १९८५ मध्ये आरएफसी ९६६ मध्ये ‘होस्ट ग्रुप’ची कल्पना मांडली. पाठवणाऱ्याने गटाच्या पत्त्यावर एकच प्रत सोडायची. गटात कोण आहे, किती जण आहेत, हे त्याला ठाऊकही असायचं कारण नाही. १९८९ च्या आरएफसी १११२ ने ती कल्पना इंटरनेटचा मानक भाग झाली. २२४.०.०.० ते २३९.२५५.२५५.२५५ हे पत्ते त्यासाठी राखून ठेवले गेले.

राउटरांनी हे कसं करायचं, याचं उत्तर डीअरिंग यांनी १९८८ मध्ये दिलं आणि त्याच्या मुळाशी दलाल-मेटकाफ यांचाच नियम होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डेव्हिड वेट्झमन, क्रेग पार्ट्रिज आणि डीअरिंग यांनी डीव्हीएमआरपी हा प्रोटोकॉल आरएफसी १०७५ म्हणून लिहिला. १९७८ चा निबंध सगळ्यांना पोहोचवण्याचा होता. इथे फक्त हवं असणाऱ्यांना पोहोचवायचं होतं. म्हणून आरपीएफने आधी सगळीकडे पसरणारं झाड बनवायचं आणि ज्या टोकाला ऐकणारा कोणी नाही, ते टोक तोडायचं. पुढे ‘छाटणी’ आली: आपल्या खाली कोणालाच हा गट नको आहे असं दिसलं की राउटर वरच्या राउटरला कळवतो आणि ती अख्खी फांदी गळून पडते. एकाच इथरनेटवर दोन राउटर असतील तर दोघेही प्रती ओततील, म्हणून उगमाच्या जवळचा एकच जण ते काम करील असंही ठरलं. माझ्यावर कोण अवलंबून आहे, हा सुधारित आवृत्तीतला प्रश्नही इथे सुटला. खालचा राउटर वरच्याला त्याचाच रस्ता परत कळवताना अंतरात ३२ मिळवून सांगायचा. त्या प्रोटोकॉलमध्ये ३२ म्हणजे अनंत. त्यामुळे ३२ च्या वरचा आकडा आला की वरच्याला समजे, हा माझ्यावर विसंबून आहे.

मार्च १९९२ मध्ये हे सगळं खऱ्या इंटरनेटवर उतरलं. सॅन दिएगोला इंटरनेट इंजिनीअरिंग टास्क फोर्सची बैठक भरली होती. स्टीव्ह कॅसनर, डीअरिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथली भाषणं मल्टिकास्टने तीन खंडांतल्या २० ठिकाणी ऐकवली. आवाजासाठी व्हॅन जेकबसन आणि स्टीव्हन मॅकॅन यांनी लिहिलेला ‘व्हॅट’ नावाचा प्रोग्रॅम होता. वाटेतल्या बहुतेक राउटरांना मल्टिकास्ट म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. म्हणून युनिक्सच्या वर्कस्टेशनवर ‘एम-राउटेड’ नावाचा प्रोग्रॅम चालवायचा आणि एका वर्कस्टेशनपासून दुसऱ्यापर्यंत साध्या पॅकेटच्या रूपात मल्टिकास्ट पॅकेट बोगद्यातून न्यायचं, अशी रचना केली. बोगद्यांच्या या जाळ्याला पुढे एमबोन म्हणू लागले.

आरपीएफचा हट्टीपणा इथे प्रकर्षाने जाणवला. साध्या राउटिंग टेबलला बोगद्याचा पत्ताच नव्हता. तो सांगायचा की उगमाकडे जायचा रस्ता प्रत्यक्ष तारेवरून आहे, आणि पॅकेट यायचं बोगद्यातून. म्हणजे नियमाप्रमाणे चुकीच्या दाराने! प्रत्येक पॅकेट टाकून देण्यालायक ठरलं असतं. म्हणून डीव्हीएमआरपी स्वतःचा वेगळा टेबल ठेवायचा, आणि त्यात बोगद्यांचेच रस्ते असत. आजही मल्टिकास्ट सांभाळणाऱ्या माणसाला विचारा, चित्र पोहोचत नसेल तर आधी काय पाहता? तो आरपीएफचं नाव घेईल. साधा ट्रॅफिक सुरळीत चालू असतो, पिंग जातो-येतो, आणि मल्टिकास्ट मात्र एका राउटरवर येऊन गुपचूप नाहीसं होतं. कारण कुणीतरी उगमाकडचा रस्ता दुसऱ्या लिंकवर वळवलेला असतो, आणि त्या लिंकवर मल्टिकास्ट चालूच केलेलं नसतं.

नियमाची दुसरी मर्यादाही सांगायला हवी. तो टेबलवर विश्वास ठेवतो. एखादी तार तुटल्यावर टेबल सावरत असताना तीन राउटर क्षणभर उगमाचा रस्ता एकमेकांकडे गोल दाखवत असतील, तर त्या वर्तुळात सापडलेलं पॅकेट प्रत्येकाला बरोबर दारानेच आल्यासारखं दिसतं. तेवढ्या वेळापुरता टीटीएलच कामी येतो. 

१८ नोव्हेंबर १९९४ रोजी रोलिंग स्टोन्सच्या डॅलसमधल्या कार्यक्रमाचा काही भाग एमबोनवरून गेला. त्याआधी सिव्हिअर टायर डॅमेज नावाच्या एका हौशी बँडने त्याच वाहिनीवर बिनबोलावता आपलं वाजवणं सुरू केलं. या बँडमध्ये झेरॉक्सच्या त्याच संशोधन केंद्राची माणसं होती. पुष्कळांनी ही गोष्ट मौजेची म्हणून सांगितली. मला तीत एमबोनचं दुखणं दिसतं. आरपीएफ पॅकेट कोणत्या रस्त्याने आलं ते विचारतं. ते पाठवायचा तुला अधिकार आहे का, हे विचारत नाही, आणि डीअरिंग यांच्या रचनेत गटाला कुणीही पाठवू शकत होतं. इंटरनेट कंपन्यांना हे मोकळं रान नको होतं. शिवाय दूरदूर विखुरलेल्या थोड्याच ऐकणाऱ्यांसाठी सगळीकडे पूर सोडून मग छाटत बसणं परवडत नव्हतं. १९९४ मध्ये डीअरिंग, डेबोरा एस्ट्रिन, डिनो फॅरिनाची, जेकबसन आणि इतरांनी पिम या प्रोटोकॉलचा आराखडा मांडला. त्यात राउटर उगमाऐवजी एका ठरलेल्या भेटीच्या ठिकाणाकडे पाहून तपासणी करू शकतो, आणि स्वतःचा टेबल न ठेवता जो कोणता साधा टेबल हाताशी असेल तो उलटा वाचतो. १९७८ च्या निबंधाचं म्हणणं नेमकं हेच होतं की जे आहे तेच वापरा. तरीही सगळ्या इंटरनेटवर खुलं मल्टिकास्ट काही रुजलं नाही. ऑगस्ट २०२० मध्ये आरएफसी ८८१५ ने कुणीही-पाठवा पद्धतीचं मल्टिकास्ट वेगवेगळ्या नेटवर्कांच्या दरम्यान वापरू नये, असंच सांगितलं.

एकाच मालकाच्या कुंपणाच्या आत मात्र ते भरभराटीला आलं: आयपी टीव्हीमध्ये आणि शेअर बाजारात. मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजमध्ये प्रत्येक सौद्याची क्षणोक्षणीची माहिती पूर्वी सदस्यांना टीसीपीने, एकेकाला वेगळी पाठवली जायची. एकामागून एक पाठवायची म्हणजे रांगेत पहिला कोण हा प्रश्न आलाच, आणि को-लोकेशनचा, म्हणजे सदस्यांचे सर्व्हर बाजाराच्या आवारातच ठेवण्याच्या सोयीचा, पुढचा सगळा वाद त्याच रांगेवरून पेटला. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या ३० एप्रिल २०१९ च्या आदेशातही हीच रचना कळीची होती; त्या आदेशावर पुढे अपिलंही झाली. २०१४ पासून ही माहिती मल्टिकास्टने जाऊ लागली होती. प्रत्येकाच्या नावे वेगळं पॅकेट पाठवण्याच्या पद्धतीत प्रती फार होतात, हा तिचा दोष इंजिनीअर नेहमी मांडतात. तिथे पैशाचा प्रश्न आला तेव्हा प्रतींपेक्षा क्रमाचाच दोष मोठा ठरला.

आरपीएफचं दुसरं आयुष्य मल्टिकास्टच्या बाहेर सुरू झालं. सप्टेंबर १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या इंटरनेट कंपनीवर खोट्या पत्त्यांच्या पॅकेटांचा भडिमार झाला आणि तिची सेवा कोलमडली. पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा, त्यामुळे हल्ला कुठून येतोय तेच कळेना. जानेवारी १९९८ च्या आरएफसी २२६७ ने आणि मे २००० च्या आरएफसी २८२७ ने सेवा देणाऱ्यांना बजावलं की आपल्या ग्राहकाकडून येणारं पॅकेट खरोखर त्याच्याच पत्त्याचं आहे का, ते दारातच तपासा. तपासायचं कसं? राउटरमध्ये तपासणी तयारच होती: या पत्त्याकडे मी ज्या तारेवरून गेलो असतो, तिच्यावरून हे आलंय का? साध्या पॅकेटांनाही हाच प्रश्न विचारायला सुरुवात झाली.

इथे मात्र १९७८ मध्ये क्षम्य असलेला एक दोष आडवा आला. जायचा आणि यायचा रस्ता एकच असेल असं आरपीएफ धरून चालतं. मल्टिकास्टमध्ये ते चुकलं तरी पॅकेट सगळ्यांना पोहोचतं. फक्त सर्वांत जवळच्या वाटेने पोहोचेलच असं नाही. दोन कंपन्यांकडून इंटरनेट घेणाऱ्या ग्राहकाचं पॅकेट एकीकडून जातं आणि उत्तर दुसरीकडून येतं, आणि कडक तपासणीत अशी प्रामाणिक पॅकेटंही फेकली जातात. मार्च २००४ च्या आरएफसी ३७०४ ने म्हणून सैल तपासणी सुचवली: रस्ता कुठल्याही तारेवर असला तरी चालेल. पण मग खोट्यांनाही बरीच मोकळीक मिळते. फेब्रुवारी २०२० मध्ये के. श्रीराम, डग माँटगोमेरी आणि जेफ हास यांनी आरएफसी ८७०४ मध्ये मधली वाट मांडली. एखाद्या नेटवर्कने कोणत्याही एका दाराने जाहीर केलेले सगळे पत्ते एकत्र करायचे आणि त्याच्या कोणत्याही दाराने त्यांतलं कोणतंही पॅकेट आलं तरी ते खरं धरायचं.